'अब्दुल' हे अर्धेच नाव
(पालक मेळाव्यातील भाषण)



प्रवेशअर्ज भरताना मुलाचे नाव विचारले की कित्येक पालक 'अब्दुल' एवढेच सांगून थांबतात. अरबीत 'अब्द' म्हणजे दास. 'उल' हे पुढच्या शब्दाचे उपपद. दास खरा, पण कोणाचा? रहमान म्हणजे परम दयाळू, सत्तार म्हणजे दोष झाकणारा. ही अल्लाहची नावे. ती गाळली की धनी गेला आणि नुसता दास उरला!

मौलाना आझादांनाही मुले 'अब्दुल कलाम' लिहितात. ते 'अबुल कलाम'. 'अबू' म्हणजे पिता, कलाम म्हणजे वाणी. १९४७ ते १९५८ शिक्षणमंत्री असलेल्या माणसाचे नाव तरी शाळेत चुकू नये. अब्दुल कलाम वेगळे. ते २००२ साली राष्ट्रपती झाले.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या दाखल्यावर 'अब्दुल' होते, रेशनकार्डावर 'सत्तार'. एकाच नावाचे दोन तुकडे. शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, प्रतिज्ञापत्र करीपर्यंत मुदत संपली. मुलगा हुशार होता हो.

तेव्हा जूनमध्ये येताना पूर्ण नाव कागदावर लिहून आणा. रजिस्टरचा रकाना अपुरा पडला, तर मी समासात लिहीन.