पुष्टकाळातले दूध आणि परदेशातला बाजार



बाजार पडला म्हणून गाय एका दिवसात आटवता येत नाही. चढला म्हणून ती चार लिटर जास्त देत नाही. आजच्या विषयाचे मूळ इथे आहे.

पावसाळ्यानंतर हिरवा चारा होतो, म्हशी वितात, हवा थंडावते आणि पुष्टकाळ, म्हणजे भरपूर दुधाचा काळ, सुरू होतो. उन्हाळ्यात चारा संपतो, संकरित गाई उष्म्याने दूध चोरतात, तो कृशकाळ. मागणी मात्र उलटी. दही, ताक, आइस्क्रीम यांना उठाव उन्हाळ्यात आणि शिल्लक दूध थंडीत.

ही अडचण जुनी आहे. खेडा जिल्ह्यातले दूध मुंबईला येई तेव्हाही थंडीत ते ओसंडायचे आणि मुंबईला तेवढे नको असायचे. त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्या तिथल्या सहकारी दूध संघाने त्यावर भुकटीचा मार्ग काढला. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. संघातले तंत्रज्ञ हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली. १९५५ मध्ये संघाच्या आणंदमधल्या भुकटी कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. हिवाळ्याचे दूध उन्हाळ्यापर्यंत पोचवणे, हे भुकटीचे मूळ काम.

आज महाराष्ट्रात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचे (फॅटखेरीजचे घन घटक) शंभर लिटर गायीचे दूध आटवले, तर साधारण नऊ किलो भुकटी आणि चार किलोंहून थोडे अधिक लोणी मिळते. या भुकटीचा साठा देशात तुंबला की निर्यातीची वाट बघावी लागते आणि परदेशातला भाव आपण ठरवत नाही.

तो ठरवण्यात न्यूझीलंडचा मोठा वाटा आहे. तिथल्या बहुतेक गाई जुलै-ऑगस्टच्या सुमारास वितात, ऑक्टोबरच्या आसपास दूध शिगेला पोचते आणि त्यातले सुमारे ९५ टक्के परदेशी जाते. म्हणजे आपला पुष्टकाळ सुरू होतो, नेमका तेव्हाच त्यांचा माल बाजारात येतो. २०१३ मध्ये तिथे दुष्काळ पडला, चीनची खरेदी जोरात होती. भुकटी टनामागे साडेचार हजार डॉलरच्या आसपास गेली. पुढे चीनने हात आखडला, ऑगस्ट २०१४ मध्ये रशियाने युरोपच्या मालावर बंदी घातली, एप्रिल २०१५ मध्ये युरोपने दुधावरचा कोटा उठवला. त्याच वर्षी भाव दोन हजारांच्या खाली आला.

आपले धोरण या काळात काय करत होते? फेब्रुवारी २०११ मध्ये टंचाई म्हणून भुकटीच्या निर्यातीवर बंदी घातली, जून २०१२ मध्ये उठवली. पुढे साठे तुंबले, तेव्हा शेतकऱ्याचा भाव कोसळला. जुलै २०१८ मध्ये महाराष्ट्रात दूध आंदोलन झाले. तेव्हा कुठे लिटरला पाच रुपये अनुदान देऊन पंचवीस रुपये भाव देण्याचे ठरले. २०२४ मध्ये पुन्हा अनुदानाचीच वेळ आली.

अनुदान त्या त्या वेळी गरजेचे होते, हे मी मान्य करतो. पण टंचाईत बंदी आणि साठे तुंबल्यावर विक्रीची घाई, असे वागणाऱ्या देशावर परदेशी गिऱ्हाईक विसंबत नाही. त्याला दरवर्षी माल हवा असतो.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. निर्यातीचे धोरण पुष्टकाळाच्या आधी जाहीर व्हावे आणि किमान काही वर्षे टिकावे. पुष्टकाळात ठरलेल्या किमान भावाने भुकटी खरेदी करून कृशकाळात ती बाहेर काढणारा राखीव साठा कायमचा असावा. आंदोलनाची वाट पाहू नये. आणि लाळ्या-खुरकूत रोगाचे लसीकरण गोठ्यागोठ्यात चोख व्हावे, कारण हा रोग चांगल्या भावाच्या बाजारांची दारे बंद करतो.

ऋतू बदलणे कुणाच्या हाती नाही. पण त्याचा भार कुणी उचलायचा, हे माणसे ठरवतात. आज तो सर्वांत जास्त दोन-चार गाई सांभाळणाऱ्या घरावर पडतो. तो भार संघ, खासगी डेअऱ्या, सरकार आणि आपण ग्राहक यांनी वाटून घेतला पाहिजे.