खुखरी: बुडालेली आणि पुन्हा आलेली

४ डिसेंबर हा आपला नौदल दिन. १९७१ च्या युद्धात आपल्या नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला, त्याची ती आठवण. त्यानंतर पाचच दिवसांनी काय घडलं, ते आज सांगते.

‘खुखरी’ ही आपली युद्धनौका दीवजवळच्या समुद्रात शत्रूची पाणबुडी शोधत होती. पाणबुडी पाण्याखाली लपते, वरून दिसत नाही. ९ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनेच आधी नेम साधला. तिने पाणतीर सोडला. पाणतीर म्हणजे पाण्यातून धावत येणारा मोठा बॉम्बच. काही मिनिटांत खुखरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना बाहेर काढलं, पण स्वतः जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

बुडालेलं जहाज परत येत नाही. पण आपण आजीचं नाव नातीला ठेवतो ना, तशीच रीत नौदलातही आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत नवी खुखरी बांधली, क्षेपणास्त्रं डागणारी. २३ ऑगस्ट १९८९ रोजी ती नौदलात दाखल झाली. त्या सोहळ्यात संरक्षणमंत्र्यांच्या बरोबरीने मान होता श्रीमती सुधा मुल्ला यांना. त्या कोण? कप्तान मुल्लांच्या पत्नी.

इथे जरा थांबू या. नवं जहाज पाण्यात जाणार, म्हणजे केवढं शुभकार्य! त्याला नवरा गमावलेल्या बाईला मानाने पुढे बोलावलं. आणि आपण? हळदीकुंकवाला तिला वगळतो. लेकीच्या लग्नात ती आपणहून मागे बसते. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मग शासनानेही इतर गावांना तसं आवाहन केलं. पण ठराव कागदावर होतो, बोलावणं मात्र आपल्यालाच करावं लागतं.

नव्या खुखरीने ३२ वर्षं सेवा केली. २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणमला सूर्यास्ताच्या वेळी तिच्यावरचा ध्वज उतरवला. आता ती दीवलाच आहे, लोकांना पाहण्यासाठी.

मैत्रिणींनो, आपल्या गटातही अशी एखादी सखी असेल. पुढच्या कार्यक्रमात दिवा तिच्या हातून लावा. तिला कोपऱ्यातून उठवून पुढे आणा.