वस्तऱ्याची धार



वस्तऱ्याच्या धारेचा उतार एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद झाला, की आपण पात्याला दोष देतो. आधी दगड पाहा. वापराने त्याला मध्ये खळगा पडतो. तो सपाट घासून घ्या. मग उतारांवर शाई लावा, पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून, पाते हलके फिरवा. शाई राहिली तेथे दगड पोचला नाही. जोर नको, धीर हवा. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून ओढा.

धारेइतकाच तिचा उपयोगही कारागिराने पारखावा. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन नाकारले. हातातली मजुरी सोडली, पण वस्तरा अन्यायाला दिला नाही.