नव्या फादरांचे स्वागत आणि आपले राहून गेलेले काम

(विहाराशेजारच्या चर्चमध्ये बदलून आलेल्या नव्या फादरांचा सत्कार विहार समितीतर्फे करण्यात आला. त्या प्रसंगी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

 

आम्ही गिरणी कामगार. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिक्षण झालं ते युनियनच्या ऑफिसात आणि या विहाराच्या वाचनालयात. तेव्हा बोलण्यात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावे.

फादर इथे येण्याआधी बरीच वर्षं आदिवासी भागात होते. जामिनाला पैसे नाहीत म्हणून तुरुंगात पडून राहिलेल्या पोरांच्या केसेस त्यांनी पाहिल्या, जमिनी गेलेल्या लोकांबरोबर ते कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले. मानवी हक्कांचं काम केलेला माणूस आपल्या भागात आला म्हणून समितीने हा सत्कार ठरवला. त्या बैठकीत एका कार्यकर्त्याने विचारलं, "चर्चच्या फादरांचा सत्कार विहारात कशाला?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता. आणि प्रश्न आला की उत्तर द्यावं, अशी आपल्याला बुद्धाचीच शिकवण आहे. म्हणून आज त्याच प्रश्नावर बोलतो.

मानवी हक्क हा शब्द परदेशातून आला असं पुष्कळांना वाटतं. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, हे खरं. पण त्याच्या अकराच दिवस आधी, २९ नोव्हेंबर १९४८ ला, आपल्या घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं होतं. आज ते १७ वं कलम आहे. आणि त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' अशा अर्थाचे शब्द होते, ते बदलून 'सर्व माणसे' करायला लावले ते आपल्या देशाच्या हंसाबेन मेहतांनी. तेव्हा फादर, आपण ज्या कामातून आलात ते काम आम्हाला परकं नाही.

आता गिरणीतली गोष्ट सांगतो. पूर्वी साचेखात्यात धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून काढावा लागे. एका धोट्याला अनेकांचं तोंड लागायचं. म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात घेत नसत. पगार त्याच खात्यात जास्त. आपल्या माणसाने त्रासनखात्यात सूत काढायचं, त्या सुताचं कापड विणायचं दुसऱ्याने. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, तो यामुळेच.

आम्ही बदली म्हणून लागलो तेव्हा आमच्या खात्यात नगर जिल्ह्यातला एक सोबती होता. धर्माने ख्रिस्ती. त्याचा आजाही गिरणीत होता. गळ्यात क्रूस होता, पण जॉबरने क्रूस पाहिला नाही. त्याने गाव विचारलं, मग गावातला वाडा विचारला, आणि त्याला त्रासनखात्यात पाठवलं. आमच्या आज्यालाही तिथेच पाठवलं होतं. देव बदलला तरी खातं बदललं नाही.

हा सोबती आणि आम्ही एकाच चाळीत राहिलो. त्याची मुलगी आणि आमची मुलगी एकाच वर्षी दहावी झाल्या. दोन्ही घरचे पेढे एकाच ताटातून वाटले. मग कॉलेजच्या प्रवेशासाठी दाखले काढायला आम्ही दोघे एकाच दिवशी, एकाच रांगेत उभे राहिलो. आमच्या मुलीला अनुसूचित जातीचा दाखला मिळाला. त्याच्या मुलीला मिळाला नाही. ओबीसीत अर्ज करा, असं खिडकीतून सांगण्यात आलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "दादा, तुमची पोरगी बुद्धाची, माझी येशूची. पण दोघींच्या आज्या पाण्यासाठी एकाच विहिरीबाहेर ताटकळत होत्या ना?"

आम्ही काय उत्तर दिलं? आम्ही म्हणालो, "सरकारचं धोरण आहे, काय करणार." युनियनमध्ये मालकाच्या तोंडून हेच वाक्य ऐकलं असतं तर आम्ही गेटवर सभा घेतली असती. सोबत्याला मात्र तेच ऐकवून आम्ही घरी आलो. त्याने पुन्हा कधी विषय काढला नाही. गिरणी बंद पडल्यावर तो गावी गेला आणि तिकडेच वारला. ते वाक्य अजून आम्हाला टोचतं.

धोरण काय आहे ते तरुणांनी नीट समजून घ्यावं. १९५० साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं की हिंदू धर्माशिवाय दुसरा धर्म पाळणारा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख आले. १९९० मध्ये बौद्ध आले. त्यासाठी आपल्या लोकांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, आणि ते योग्यच होतं. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेर राहिले. मद्रासमध्ये रस्त्याकडेला बसून चपला शिवणारा सूसाई नावाचा माणूस होता. सरकारने त्या धंद्यातल्या अनुसूचित जातीच्या लोकांना फुकट टपऱ्या दिल्या, याला ख्रिस्ती म्हणून दिली नाही. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८५ मध्ये हरला. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये सांगितलं की अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करा. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला. आयोग येतात. आणि ख्रिस्ती झालेल्या दलिताला मारहाण झाली तर ॲट्रॉसिटीचा कायदा लावताना हाच तिसरा परिच्छेद आडवा येतो.

आपल्यातले काही जण म्हणतात, त्यांना आत घेतलं तर आपला वाटा कमी होईल. १९९० च्या आधी आपल्याबद्दलही काही लोक असंच म्हणत होते. वाटा वाढवून मागता येतो. पण मागचा माणूस बाहेर असताना दार लावून घेणं बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभत नाही.

फादर, दोन शब्द आपल्यालाही बोलतो, राग मानू नये. १९३८ साली सोलापूरला बाबासाहेब ख्रिस्ती समाजापुढे बोलले होते. अन्यायाविरुद्ध हक्कासाठी आपण लढत नाही, हा दोष त्यांनी तोंडावर सांगितला होता. तिरुचिरापल्लीला एका ख्रिस्ती दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत आहे, आणि ती पाडा म्हणून तिथल्या दलितांना आपल्याच धर्मबांधवांशी भांडावं लागलं. २०१६ मध्ये आपल्या बिशपांनी चर्चमध्ये जातिभेद असल्याचं लेखी मान्य केलं, त्याचा आम्हाला आदर आहे. आमच्याकडेही लग्न ठरवताना जुनी पोटजात हळूच विचारली जाते. तेव्हा ही झाडलोट आपण दोघांनी आपापल्या घरी करायची आहे.

या कामाची किंमत काय असते हे आपल्याला सांगायला नको. फादर स्टॅन स्वामी झारखंडमध्ये आदिवासींसाठी उभे राहिले. त्यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. हात थरथरायचे, म्हणून पाणी पिण्यासाठी नळी आणि कप मिळावा असा अर्ज त्यांना कोर्टात करावा लागला. ५ जुलै २०२१ ला याच मुंबईत, वांद्र्याच्या हॉस्पिटलात, ८४ व्या वर्षी ते गेले. खटला उभा राहिलाच नाही. एकट्या माणसाला गाठणं सोपं असतं, हे आम्ही संपात शिकलो. म्हणून आपल्याला एकटं पडू द्यायचं नाही, यासाठी हा सत्कार आहे. हेच त्या बैठकीतल्या प्रश्नाचं उत्तर.

शेवटी तीन कामं सुचवतो. एक, आठवड्यातून एक संध्याकाळ चर्चच्या हॉलमध्ये दाखले, रेशन, पेन्शन, पोलीस तक्रार यांचे कागद लिहून द्यायचे. धर्म विचारायचा नाही. आमचे चार कार्यकर्ते येतील. दोन, १० डिसेंबरचा मानवी हक्क दिन विहार आणि चर्च यांनी मिळून करायचा, एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. तीन, तिसरा परिच्छेद काढून टाका अशा मागणीच्या अर्जावर पहिल्या सह्या विहाराच्या लोकांनी करायच्या.

तो अर्ज आम्ही लिहून आणला आहे. अक्षर चांगलं नाही, पण वाचता येतं. सभा संपल्यावर तो दाराजवळच्या टेबलावर ठेवू. पहिली सही आमची आहे. सोबत्याच्या मुलीला निरोप धाडला होता, ती आज आली आहे, मागे बसली आहे. तिच्यासमोर आम्हाला ती सही करायची आहे. उशीर झाला, पण करायची आहे.

फादर, या वस्तीत आपले मनापासून स्वागत असो.

जय भीम! जय भारत!