फोन तापलाय? बर्फात ठेवू नका!

आज थोडं लवकर सुरू करतो, कारण बाहेर ऊन आहे आणि तुमच्यापैकी निम्मे जण फोन चार्जिंगला लावूनच हे ऐकत असणार. आधी चार्जर काढा. मग बोलू.

कॉलेजात असताना मे महिन्याच्या सुट्टीत मी अकोल्यात पार्सल डिलिव्हरी करायचो. दुपारचे दोन वाजलेले, पारा ४४च्या पुढे. बाइकच्या हँडलला होल्डर, त्यात फोन, मॅप सुरू, ब्राइटनेस फुल्ल आणि वर पॉवर बँक लावलेली! आधी स्क्रीन आपोआप मंद झाली, मग चार्जिंग थांबलं, शेवटी फोन बंद. बॅगेत सात पार्सलं, पत्ते सगळे फोनमध्ये.

रसवंतीवाल्या काकांना दया आली. म्हणाले, ‘‘ठेव बाप्पा बर्फाच्या पेटीत.’’ ठेवला. दहा मिनिटांत सुरूही झाला! पण कॅमेऱ्याच्या काचेला आतून धुकं धरलं आणि संध्याकाळी माइक गेला. दुरुस्तीत चार दिवसांची कमाई गेली.

काकांची चूक नव्हती, मलाच माहीत नव्हतं. थंडगार फोन गरम हवेत काढला की माठाला बाहेरून पाणी सुटतं तसं त्याच्या आतही दव धरतं. म्हणून फ्रीज, बर्फ, ओलं फडकं, काहीही नको.

मुळात बहुतेक फोनना पंखा नसतो. आतली उष्णता मागच्या पाठीतून हवेत जाते. आता हवाच ४४ अंश असेल तर ती जाणार कुठे? ॲपल तर आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा असं सांगते. आपला उन्हाळा तिथेच नापास! त्यात थेट ऊन, चार्जिंग, मॅप. मग फोन स्वतःला वाचवायला स्लो होतो. आपण म्हणतो, ‘हँग झाला यार.’

मग करायचं काय? सावलीत या. चार्जर काढा. कव्हर काढा, ते म्हणजे उन्हाळ्यात घातलेलं स्वेटर. स्क्रीन बंद, फ्लाइट मोड सुरू. जास्तच तापला असेल तर सरळ स्विच ऑफ. गादीवर, उशीखाली नाही, फरशीवर किंवा टेबलावर ठेवा आणि पंखा लावा. कूलरच्या अगदी तोंडाशी नको, तुषार उडतात. आणि थांबा. हेच सगळ्यात अवघड असतं, पण घाई केली की माझ्यासारखं होतं.

जे बाइकवर काम करतात त्यांच्यासाठी खास: निघण्याआधी मॅप लावा, स्क्रीन लॉक करा, फोन सावलीत, बॅगेत ठेवा आणि एका कानात इअरफोन घालून आवाजावर चाला. पॉवर बँक थांबल्यावर, सावलीत लावा. आणि पुढचे दोन-तीन पत्ते कागदावर लिहून घ्या. हसू नका, त्या दिवशी एक चिठ्ठी असती तर सातही पार्सलं पोचली असती.

शेवटचं. फोनची पाठ फुगलेली दिसली, स्क्रीन कडेने उचलली गेली, तर ती बॅटरी फुगलीय. चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. बंद करून थेट सर्व्हिस सेंटर गाठा. तिथे जुगाड चालत नाही.

चला, फोनला सावली द्या आणि स्वतःलाही. पाणी प्या. भेटू पुढच्या भागात!