जुनी छायाचित्रे आणि स्कॅनरची निवड
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांच्या माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक असते. तीत जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले वाडवडिलांचे फोटो, लग्नाचे अल्बम आणि एखाद्या हौशी काकांनी काढलेल्या रंगीत स्लाइड्स असतात. दमट हवेने त्यांवर बुरशी चढते. रंग तर अंधारातही विटतात. म्हणून त्यांच्या संगणकीय प्रती करून ठेवण्याचा विचार अनेक घरी चालू आहे. यंत्र कोणते घ्यावे, याविषयी मात्र दुकानदाराचा शब्दच प्रमाण मानला जातो.

मुख्य भेद प्रकाशाचा आहे. कागदावरील फोटोवरून प्रकाश परावर्तित होतो. स्लाइडमधून तो आरपार जावा लागतो. ज्या सपाट स्कॅनरच्या झाकणात दिवा नाही, त्यावर स्लाइड काळपटच उमटणार. ४ × ६ इंची फोटोस इंचाला ६०० बिंदू पुष्कळ झाले. स्लाइडवरील चित्र अवघे २४ × ३६ मिलिमीटरचे. तेवढाच तपशील हवा असेल तर तेथे २४०० बिंदू लागतात. खोक्यावरील प्रचंड आकड्यांना भुलू नये. 'इंटरपोलेटेड' म्हणून दिलेला आकडा मधले बिंदू अंदाजाने भरून फुगविलेला असतो. 'ऑप्टिकल' आकडा तेवढा विचारावा.

यंत्रांतही जाती आहेत, तेव्हा हा विषय आपल्या संमेलनास अगदीच परका नव्हे! 'सीआयएस' जातीचे पातळ, स्वस्त यंत्र काचेस घट्ट टेकलेला कागदच स्पष्ट टिपते; वाकलेला पुठ्ठा त्यावर पुसट येतो. आपल्या कामास 'सीसीडी' जातीचे यंत्र बरे. कागद रुळांतून ओढून नेणाऱ्या यंत्राच्या हाती तर जुना फोटो कदापि देऊ नये.

प्रत्येक घराने असे यंत्र विकत घेणे मला अनाठायी वाटते. चार सुट्या पडल्या की काम संपते, आणि यंत्र धूळ खात पडते. संस्थेने झाकणात दिवा असलेले एक चांगले यंत्र घ्यावे व कुटुंबांनी ते पाळीपाळीने वापरावे, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे.

फोटोची मागील बाजूही अवश्य स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, तारीख, क्वचित एखादे नाव तेथेच सापडते. पुष्कळ फोटोंवर तेही नसते, आणि त्यांतील चेहरे ओळखणारी एखादी वृद्ध आत्याच काय ती घरात उरलेली असते. त्यासाठी यंत्राची वाट पाहू नका. येत्या सुटीत तिच्यापुढे अल्बम उघडा आणि ती सांगेल ती नावे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, फोटोमागे लिहून घ्या.