गावची ठेव आणि गावचं कर्ज

बँका सरकारच्या असाव्यात की खासगी, हा वाद तुम्ही पुष्कळ ऐकला असेल. मला आज त्यातलं एकच विचारायचं आहे. गावच्या शाखेत जमलेला पैसा गावात फिरतो किती?

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. आपली बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच. तेव्हा देशभर शाखा होत्या आठ हजारांच्या घरात, १९९१ पर्यंत त्या साठ हजारांवर गेल्या. १९७७ पासून १९९० पर्यंत तर नियमच होता: जिथे बँक आहे तिथे आणखी एक शाखा हवी असेल, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी आधी उघडा. नुसता नफा पाहणाऱ्या मालकाने हे केलं नसतं. सावकाराचं दार किती घरांना त्यामुळे सोडता आलं! हे श्रेय सरकारी बँकांचंच.

पण शाखा आली म्हणजे कर्ज आलं असं नव्हे. घरची म्हैस दुभती, दूध सगळं संकलन केंद्रावर, तिथून टँकरने शहरात, आणि घरच्या पोराला कोरा चहा. ठेवींचं तसंच होतं. कापसाचे पैसे, पेन्शन, पुण्याहून मुलाने धाडलेली रक्कम शाखेत साठते आणि दूरच्या मोठ्या कारखान्याला कर्जाऊ जाते. बरं, टँकर उलटला तर? मार्च २०१८ मध्ये सरकारी बँकांच्या दर शंभर रुपयांच्या कर्जातले चौदाहून अधिक रुपये थकलेले होते. त्याआधीच, ऑक्टोबर २०१७ मध्ये, सरकारला २ लाख ११ हजार कोटींच्या भांडवलाची योजना जाहीर करावी लागली. त्यातला मोठा वाटा रोख्यांचा, म्हणजे व्याज करदात्याच्या माथी. सांडलेल्या दुधाची भरपाईही पुन्हा म्हैसवाल्याकडूनच!

म्हणून सांगतो, शाखा मोजू नका, कर्ज मोजा. जिल्हा हा घटक धरून पतपुरवठा आखावा, हे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने १९६९ मध्येच सुचवलं होतं. जिल्ह्यातल्या एका बँकेकडे पुढाकार सोपवणारी अग्रणी बँक योजना त्यातूनच निघाली. ग्रामीण आणि निमशहरी शाखांनी ठेवींच्या ६० टक्के कर्ज द्यावं, अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे. प्रमाण ४० टक्क्यांखाली असलेल्या जिल्ह्यांवर खास लक्ष ठेवायचं, हेही ठरलेलं आहे. इतकं असूनही आपण विचारत नाही, ही आपली चूक आहे, बरं का!

दर वर्षी जिल्ह्याचा पतपुरवठा आराखडा तयार होतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची बैठक होते. तुमच्या लोकप्रतिनिधींना गाठा, अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना पत्र लिहा. आमच्या तालुक्यात ठेवी किती आणि कर्ज किती, हे दोनच आकडे मागा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.